गिटारचा पट्टा आणि दोन नट

माझी गिटार पहिल्यांदा पडली ती एका निवृत्त मामलेदारांच्या पायांवर. नगरचा सार्वजनिक गणपती होता, एकाहत्तर सालच्या आसपासचा. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे नऊ माणसं आणि एक ॲम्प्लिफायर. कार्यक्रमाआधी सगळ्या कलाकारांनी आपापलं वाद्य अंगावर घेऊन प्रमुख पाहुण्यांच्या पाया पडायचं आणि उठल्या उठल्या पहिलं गाणं धरायचं, हा आमच्या मास्तरांचा रिवाज. मास्तर अकॉर्डियन वाजवायचे. ऑर्केस्ट्रा त्यांचा होता, त्यामुळे रिवाजही त्यांचेच. ते वाकले, ढोलकीवाला वाकला, बोंगोवाल्यानं बोंगो काखेत मारून एका हातानं पाय धरले. मग मी वाकलो. माझी गिटार माझ्या आधी पोचली.

इलेक्ट्रिक गिटार म्हणजे पोकळ पेटी नव्हे. भरीव लाकडाची फळी असते, पायलीभर ज्वारीइतकी जड. तिच्या अंगाला दोन बटणं असतात, एक वरच्या शिंगाला आणि एक बुडाला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना काजं. काज बटणात अडकवलं की झालं. माणूस ताठ उभा असेल तर वजनानं पट्टा ताणलेला राहतो आणि काज जागचं हलत नाही. माणूस वाकला की पट्टा सैल पडतो आणि काज सुळकन निघतं. हे वाद्य ज्या मुलखात तयार झालं, तिथं वाजवण्याआधी कुणी कुणाच्या पाया पडत नसणार.

त्यात माझा पट्टा म्हणजे माझाच पॅंटचा पट्टा होता, चाकूनं भोकं पाडलेला. गिटार मी भिंगार कॅम्पातल्या एका बदली झालेल्या फौजी बॅंडवाल्याकडून घेतली होती आणि त्यानं मूळचा पट्टा काही दिला नव्हता. ॲम्प्लिफायर चालू असल्यामुळे मामलेदारांच्या अंगठ्याचा आवाज चार गल्ल्यांत ऐकू गेला. लोकांना वाटलं, कार्यक्रमाची सुरुवातच अशी आहे. टाळ्या पडल्या. मामलेदार मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एक पाय बुटाबाहेर काढून बसले होते.

दुसऱ्यांदा पडली ती एका लग्नात, नवरदेवाच्या आजोबांपुढे. त्या वेळी नशिबानं खाली गादी होती. पण मास्तरांचा धीर सुटला. त्यांनी मला मंडपामागं नेलं आणि थंडपणे सांगितलं की आजपासून तू खुर्चीवर बसून वाजवायचंस, बोंगोच्या मागं. ऐकायचं नसेल तर गादीच्या खोळीत गिटार घाल आणि एसटी पकड. गादीच्या खोळीचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला, कारण माझ्या गिटारची पिशवी तीच होती.

मी बसलो. आजही लिहिताना कान गरम होतात. मी ऑर्केस्ट्रात गेलो होतो तो उभं राहण्यासाठी. पाय फाकवून, गिटार कमरेवर घेऊन, केसांची झुलपं कपाळावर आणून. घरी आरशापुढं त्याचा सराव मी सुरांच्या सरावापेक्षा जास्त केला होता. आणि आता बोंगोवाल्याच्या पाठीमागून माझं फक्त डोकं दिसायचं. एका कार्यक्रमाला एका म्हातारीनं माझ्याकडं बघून शेजारणीला विचारलं की बिचाऱ्याच्या पायाला काय झालंय. जाताना तिनं मला सगळ्यांपेक्षा एक पेढा जास्त दिला. मी तो खाल्ला. पण त्याच दिवशी ठरवलं की पुढचा कार्यक्रम उभं राहून करायचा, आणि तेही गिटार न पाडता.

पुढचा कार्यक्रम माझ्याच साखर कारखान्यावर होता. मी तिथल्या वर्कशॉपात ट्रेनी फिटर होतो, आमचं घर देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला, कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर. गळीत हंगाम सुरू होताना गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या साखळीवर, उसाची पहिली मोळी टाकतात, त्या समारंभानंतर कामगारांच्या मैदानावर आमचा ऑर्केस्ट्रा ठेवला होता. सगळी वस्ती येणार, सगळं वर्कशॉप येणार. तिथं मी बोंगोमागं बसलेला दिसलो असतो, तर मला नोकरी सोडून दुसऱ्या तालुक्यात जावं लागलं असतं.

पण घरी वडिलांना, आबांना, ही खुर्चीची बातमी कळली तेव्हा ते खूश झाले. माझ्या गिटारबद्दल ते पहिल्यांदाच काहीतरी बरं बोलले. म्हणाले, मास्तर शहाणा माणूस दिसतोय.

इथं आबांचं थोडं सांगायला हवं. आमच्या घराण्याकडं गावची हलगी होती. आबांनी ती लहानपणापासून वाजवली. लग्नात, जत्रेत, पाटलांच्या घरच्या मयतीत, बोलावणं आलं की पट्टा खांद्यावर टाकायचा आणि निघायचं. धर्मांतराच्या साली त्यांनी दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात हलगी मोडून चुलीत घातली. पुढं कारखाना झाला, ते बॉयलरवर लागले, आणि परत कुठल्या वाद्याला त्यांनी हात लावला नाही. मी गिटार आणली त्या दिवशी त्यांनी ती दुरूनच पाहिली. लाल रंग, तारा, वायर, सगळ्यावरून नजर फिरली आणि पट्ट्यावर येऊन थांबली. मग ते उठून बाहेर गेले.

मी तेव्हा एवढंच समजलो की म्हाताऱ्याला इंग्रजी वाद्य आवडत नाही. एकविसाव्या वर्षी माणसाला बहुतेक गोष्टी अशाच समजतात.

तर पट्टा. मी सगळा बेत वर्कशॉपातल्या टर्नरकाकांना सांगितला. टर्नरकाका कारखान्याच्याही आधीपासून, पंचवीस वर्षं लेथवर उभे होते. त्यांनी गिटार हातात घेऊन बटण बोटानं हलवलं आणि असा चेहरा केला की जणू ते बटण मीच तयार केलं होतं. म्हणाले, हे शर्टाला ठीक आहे. मग त्यांनी लेथवर दोन खुंट्या काढल्या. एका टोकाला लाकडात घुसणारे आटे, मधे कॉलर, दुसऱ्या टोकाला बोल्टचे आटे. बटणं काढून त्या जागी खुंट्या बसवायच्या, त्यांवर पट्ट्याचं भोक चढवायचं, वर वायसर, वर नट, आणि त्या नटावर आणखी एक नट. हा दुसरा चेक नट. दोन पाने लावून दोन्ही नट एकमेकांवर आवळले की थरथरणाऱ्या यंत्रावरही ते सैल होत नाहीत. सोडवायलाही दोन पानेच लागतात.

पट्टा म्हणून मी भंगारातला लेथचा जुना पट्टा उचलला. बोटभर जाड, तेलानं काळा झालेला, कापता कापता करवतीचे दात बोथट करणारा. टर्नरकाका म्हणाले की माप बरोबर यायला पाहिजे, म्हणून गिटार अंगावर घालूनच आवळू. मला ते पटलं. शिंपी नाही का, अंगावरच टाचण्या लावतो. मी छाती काढून ताठ उभा राहिलो, काकांनी मागून पट्टा ओढून धरला, खूण केली, भोक पाडलं, खुंटीवर चढवलं, आणि दोन पान्यांनी असे नट आवळले की माझ्या तोंडून आवाज निघाला. तेवढ्यात भोंगा झाला. काकांनी पाने स्टोअरला दिले, स्टोअरवाल्यानं कुलूप घातलं, काका सायकलवर बसले, आणि मी हात धुवायला नळावर गेलो.

नळावर मला कळलं की गिटार निघत नाही.

डोक्यावरून काढायला गेलो तर पट्टा कानाशी अडायचा. खालून काढायला गेलो तर काखेत. तो लेथचा पट्टा होता, वाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आणि माप तर अगदी बरोबर घेतलेलं, छाती काढलेल्या माणसाचं. श्वास सोडला तेव्हा कुठं एक बोट सैल झाला. मी आजूबाजूला पाहिलं. वर्कशॉप रिकामं. शिफ्ट सुटली की आमच्याकडं माणसं अशी नाहीशी व्हायची की मशिनीसुद्धा बुचकळ्यात पडत.

गेटवरच्या वॉचमननं अडवलं. कारखान्यातून काहीही बाहेर नेताना चिठ्ठी लागायची. त्यानं गिटारकडं बघितलं, मग पट्ट्याकडं बघितलं, आणि पट्टा त्यानं बरोबर ओळखला.

“हे काय नेतोस?”

“मी कुठं नेतोय मामा, तेच मला नेतंय.”

त्यानं पट्टा ओढून पाहिला, नट फिरवून पाहिले आणि मग पोट धरून हसला. माल कामगारापासून सुटा होत नाही, अशी नोंद करायला त्याच्या वहीत रकानाच नव्हता. उद्या सकाळी दोघंही परत या, म्हणाला.

सायकलवर गिटार पोटाशी आडवी घेऊन मी वस्तीत शिरलो. दांडा एका बाजूला हातभर बाहेर. समोरून येणारी माणसं त्या बाजूनं वाट सोडत होती. घराशी येईपर्यंत माझ्यामागं अर्धी वस्ती गोळा झाली होती आणि प्रत्येकाकडं उपाय होता. कुणी तेल लावायला सांगितलं. कुणी म्हणालं, उलटा टांगा याला. सायकलचा पाना आणला तो बसेना, पक्कड लावली ती घसरली. आईनं शेवटी विळी काढली.

“थांब, कापू नको,” आबा म्हणाले.

ते उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होते. गर्दीला त्यांनी हातानंच घालवून दिलं. मग आत आले, माझ्यासमोर बसले. आईनं ताटं वाढली. मी भाकरी खात होतो, गिटार ताटावर लोंबत होती, आणि घास तोंडाकडं नेताना कोपर तारांना लागून ठणाणा वाजत होती. आबांनी दोन-तीन घास होऊ दिले.

“घट्ट बसलाय का?”

“लई घट्ट.”

“माझा बी घट्टच हुता. नट न्हवतं त्याला, तरी निघत न्हवता.”

त्यांनी हलगीबद्दल माझ्यासमोर बोललेलं ते पहिलंच वाक्य. मी कोपर सावरून बसलो. आबा पुढं बोलत गेले, नेहमीपेक्षा हळू. पाटील गादीवर बसलेले असायचे, सोयरे बसलेले असायचे, पोरंसोरं बसलेली असायची. हलगीवाले तेवढे उभे. ऊन असो, थंडी असो, पायाला गोळे येवोत, उभे. कुणी बस म्हटलं नाही, आणि बसायला जागाही नव्हती.

“आन तुला तो मानूस सोताहून खुर्ची देतोय,” ते म्हणाले. “तर ती तुला चावती व्हय?”

मी सांगायचा प्रयत्न केला. आबा, ऑर्केस्ट्रात उलटं असतं. बसतो तो मागं, उभा राहतो तो पुढं. लोक उभ्याकडं बघतात.

“आमी बी पुढंच हुतो की. वरातीच्या सगळ्यात पुढं.”

आई ताटं वाढून परत विळी घेऊन दारात उभी होती. आबांनी तिच्याकडं बोट केलं आणि मला म्हणाले की कापायचा तर आत्ता काप, पण मग गुमान खुर्चीवर बसायचं. आणि उभं राहूनच वाजवायचं असलं, तर रहा तसाच सकाळपर्यंत. पट्टा गळ्यात कसा वाटतो ते कळू दे.

मी आईला म्हटलं, विळी ठेव.

हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. निम्मा हट्ट होता आणि निम्मी भीती, की विळीनं पट्ट्याबरोबर गिटारचं पॉलिशही जाईल. पण राहिलो तसाच. भिंतीला टेकून डुलक्या काढल्या. कूस बदलली की गिटार वाजायची आणि वाजली की पलीकडून आबा खाकरायचे. म्हणजे तेही जागेच होते. पहाटेपर्यंत खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला होता, आणि एक गोष्ट मला पटली होती. आबांच्या खांद्यावर तो दुसऱ्यांनी टाकला होता. माझ्या खांद्यावर मी टाकला होता, मूर्खासारखा का होईना, पण मी. काढणारही मीच, घालणारही मीच. हे त्यांना कसं सांगायचं ते मात्र सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या अवतारात सांगण्यासारखं नव्हतं.

सकाळी टर्नरकाका मला बघून स्टुलावरच बसले. हसणं आवरल्यावर त्यांनी नट सोडले, पट्टा वीतभर लांब केला आणि मधोमध एक जाड बक्कल बसवलं. आता नटांना हात लावायची गरजच नव्हती. खुंट्यांवर पट्टा कायमचा, आणि काढघाल बक्कलानं. मग त्यांनी गिटार पट्ट्यासकट चेन पुलीच्या हुकाला अडकवून अधांतरी टांगली आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत तशीच ठेवली. एकही नट केसभर हलला नाही. शेवटी ती माझ्या अंगावर चढवून म्हणाले, वाक. मी वाकलो. परत वाक. वीस वेळा वाकवलं त्यांनी मला, शेवटी कमरेत उसण भरायची वेळ आली. गिटार माझ्याबरोबर वाकली आणि माझ्याबरोबर उठली.

मोळीचा समारंभ झाला. गव्हाणीवर नारळ फुटला, साखळी हलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि उन्हं उतरता उतरता सगळा जमाव मैदानावर आला. आबा सकाळीच म्हणाले होते की मी काही यायचो नाही. स्टेजवर मास्तरांनी बोंगोमागं खुर्ची मांडून ठेवली होती. मी गिटार अंगावर घेऊन त्यांच्याकडं गेलो, एक उडी मारून दाखवली आणि सांगितलं की आता ही पडणार नाही. मास्तरांनी नट पाहिले, बक्कल ओढून पाहिलं. मग म्हणाले, बरं, पाया पडताना पडली नाही तर उभा रहा.

म्हणजे परीक्षा तिथंच होती, पायांशी. मास्तर वाकले. ढोलकी वाकली. बोंगो काखेत गेला. प्रमुख पाहुणे सोफ्यावर बसले होते, पांढरेशुभ्र, पाय थोडे पुढं घेऊन. माझी पाळी आली. आणि मी वाकता वाकता, खरं सांगतो, वाकायच्या आधीच, थांबलो.

नट पक्के होते. तीच अडचण झाली. पडेल म्हणून न वाकणं निराळं, आणि पडणार नाही हे पक्कं माहीत असताना वाकायचं की नाही हे ठरवणं निराळं. उभं राहायची परवानगी मिळावी म्हणून आधी वाकायचं, हे माझ्या डोक्यात त्याक्षणी काही बसेना. मागं मास्तर खोकले. पाहुण्यांनी मी वाकणारच असं धरून हात वर केला आणि सवयीनं म्हणाले, “असू दे, असू दे.”

“बरं साहेब,” मी म्हटलं, आणि तसंच असू दिलं. दोन्ही हात जोडून नमस्कार केला, ताठ उभ्यानं, आणि जाऊन स्टेजच्या पुढच्या कडेला उभा राहिलो.

पाहुण्यांचा हात अजून हवेतच होता. त्यांना राग आला की नाही, कोण जाणे. त्यांनी तो हात हळूच मिशीवर नेला. राग आला तो मास्तरांना. अकॉर्डियन फुगवता फुगवता ते ओठ न हलवता म्हणाले, “खुर्चीवर बस.”

“गिटार पडली नाही, मास्तर.”

“बस म्हणतो.”

“नाही बसत.”

तोपर्यंत ढोलकीनं ठेका धरला होता, आता भांडायला वेळ नव्हता. मी पाय फाकवले. आरशापुढं केलं होतं ते सगळं केलं. झुलपं कपाळावर आणली. वर्कशॉपच्या पोरांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. आणि त्या भरात मी दुसऱ्या गाण्याचा पहिला तुकडा सबंध चुकीच्या पट्टीत वाजवला, सगळ्यात मोठ्या आवाजात. गायिकेनं माझ्याकडं जो कटाक्ष टाकला, त्यापुढं मामलेदारांचा अंगठा काहीच नव्हता. पण मी उभाच राहिलो. चुकलो तेही उभ्यानं.

तेव्हाच मला मागं आबा दिसले. मैदानावर सगळे खाली बसलेले, सतरंज्यांवर, गोणपाटांवर, चपलांवर. मागच्या रांगांमध्ये एकटे आबा तेवढे उभे होते, कारखान्याच्या खाकीत. त्यांच्या शेजारीच टर्नरकाका बसले होते, त्यांनी नंतर सांगितलं, की मागच्या लोकांनी चार वेळा ओरडून सांगितलं, ओ पाव्हणं, बसा की खाली, दिसत न्हाई. आबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी एकानं सदरा ओढला तेव्हा एवढंच म्हणाले, “मला बसून दिसत न्हाई.”

मास्तरांनी पुढच्या दोन कार्यक्रमांना मला बोलावलं नाही. तिसऱ्याला बोलावलं, कारण इलेक्ट्रिक गिटारवाला त्यांना आसपास दुसरा मिळाला नाही. मी उभ्यानं वाजवणार असं आधीच कळवलं आणि पाया पडायच्या रांगेत येणार नाही हेही कळवलं. त्यांनी दोन्हींचं उत्तर दिलं नाही. मी दोन्ही केलं.

त्या मोळीच्या कार्यक्रमानंतर आबा आणि मी मैदानावरून चालतच घरी आलो, मी सायकल हातात धरून, गिटार पाठीवर. कॅनॉलच्या पुलावर आल्यावर आबा म्हणाले की दुसऱ्या गाण्यात चुकलास. मी म्हटलं, हो. म्हणाले, आवाज बी लई मोठा हुता. मी म्हटलं, ते वाद्यच तसं आहे. पूल ओलांडल्यावर ते थांबले.

“मला इचारशील तर खुर्चीच बरी.”

“मी नाही बसणार, आबा.”

“मी कुठं बस म्हनतोय? बरी म्हनतोय.”